रिकाम्याहून हलकी

माझ्या वहीत चार रकाने होते: वेळ, लाँचचं नाव, माल आणि पाणी. पहिले तीन कुणीही भरले असते. मला पगार मिळायचा तो चौथ्याचा.

धक्क्याच्या टोकाला माझी लाकडी खोली होती. आत एक स्टूल, एक दुर्बीण, चहाची किटली आणि भिंतीवर पिवळ्या कागदावर छापलेला कायदा. प्रत्येक लाँचच्या अंगावर, ती रिकामी असताना पाणी जिथे टेकतं तिथे, चहूबाजूंनी एक पांढरी रेघ मारलेली असे. रेघेच्या वर पुढे, मध्ये आणि मागे डांबराच्या काळ्या खुणा. एक खूण बुडाली की एक टन माल. कुणी साठ पोती मीठ सांगितलं आणि तीन खुणा बुडाल्या की हिशोब बरोबर. पाच बुडाल्या की मी लाल झेंडी बाहेर काढायची आणि शिपायांनी लाँच थांबवायची. आत उतरून पोती मोजायला माणसं होती कुठे? सगळी लढाईवर. आधीचा कारकूनही गेला, म्हणून ते स्टूल मला मिळालं.

त्या खिडकीतून मला माणसं जेवढी कळली तेवढी बारा वर्षांच्या संसारात कळली नव्हती. साठ पोती सांगणारा चौसष्ट भरतो हे मी धरूनच चालत असे. चार पोत्यांसाठी मी कुणाचा संसार उठवला नाही. तेवढ्या वेळात मी मान वळवून चहा ओतून घेई. अर्ध्या खुणेपर्यंत माणूस लबाड, पाऊण खुणेला लोभी, आणि दोन खुणा ओलांडल्या की चोर, अशी माझी साधी वाटणी होती.

दोन तासांच्या अंतरावर एक बेट होतं. ते या लढाईत कुणाच्याच बाजूचं नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंचे व्यापारी तिथे सुखाने नांदत. बेटाला मीठ द्यायचं, असा सरकारचा करार होता. बाकी रबर, तांबं, पोलाद, औषधं यांतलं काहीही जाऊ द्यायचं नाही. आणि तिकडून इकडे काडीसुद्धा आणायची नाही, कागदाचा चिटोराही नाही. माझा नवरा तिथेच अडकला होता. मालवाहू बोटीच्या इंजिनघरात तेल देण्याचं काम करायचा. लढाई लागली तेव्हा त्याची बोट नेमकी बेटाच्या बंदरात होती, ती तिथेच रोखून ठेवली. बेटावरचे शिपाई रोज सकाळ-संध्याकाळ माणसं मोजत. मला त्याची पत्रं येत. कुठल्याशा मदत संस्थेमार्फत येतात, असं माझा धाकटा दीर सांगायचा आणि तोच ती आणून द्यायचा. "काम कष्टाचं आहे पण बरं आहे. हात खरखरीत झालेत. बाकी तू चिडवशील म्हणून लिहीत नाही." एवढंच. एवढ्यावर मी पंधरा दिवस काढी.

आता मामाच्या लाँचकडे येते. मामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता, त्यामुळे सगळा धक्का त्याला मामा म्हणायचा. त्याच्या लाँचला कागदावर लांबलचक नाव होतं, पण रुंद बुडामुळे तिला सगळे "जाडी" म्हणत. आठवड्याला एक फेरी, साठ पोती मीठ. जाताना तीन खुणा. येताना पाणी बरोबर रेघेला टेकलेलं.

मला खटकलं ते हेच. बरोबर.

बाकीच्या लाँचा रिकाम्या परत येताना कधी रेघ दोन बोटं वर दिसायची, कधी पाण्याखाली गेलेली असायची. टाकीतलं डिझेल संपलेलं, तळात पाणी साचलेलं, घरी जायच्या घाईने खलाशी सगळे पुढे जमलेले. जाडीला यातलं काही लागू नव्हतं. मी मागची पानं उलटली. सहा महिन्यांत बावीस फेऱ्या, बावीसही वेळा येताना शून्य. वहीत एवढी गुणी बाई मी दुसरी पाहिली नव्हती, आणि फार गुणी बाई दिसली की मी तिच्या स्वयंपाकघरात डोकावून बघते. सवयच आहे.

घरी जायच्या वाटेवर मामाचं घर लागे. त्याच्या खाजगी धक्क्याला लागूनच तो कुंपणाची भिंत बांधत होता. लढाईत लोक भिंती पाडून सरपण काढत होते आणि हा भिंत बांधत होता. एका संध्याकाळी मी थांबले.

"काय कारकूनबाई, भिंत आवडली?" मामा पायरीवर बसून नखं कापत होता.

"दगड आवडले. कुठले?"

"असेच, इकडचे तिकडचे."

"इकडचे पिवळे असतात, मामा. हे सगळे काळे आहेत. हे नुसते तिकडचेच."

मामा हसला. हसताना त्याचे डोळे हसत नसत, ते समोरच्याचं वजन करत. "तुम्ही वहीत लाँचा लिहिता की दगड?"

"लाँचा लिहिते. दगड लक्षात ठेवते."

"मग विसरा की एखादा."

मी घराकडे चालू लागले आणि डोक्यात एकच किडा: माणूस दोन तास समुद्रातून दगड कशाला आणेल? काडीही आणायची नाही असा नियम असताना, पकडला गेला तर लाँच जप्त होईल हे माहीत असताना, दगड? सोनं आणलं असतं तर मला एवढी झोप उडाली नसती.

घरी आल्याबरोबर मी धुण्याचा टब पाण्याने भरला, त्यात मोठं पातेलं तरंगत सोडलं आणि पाणी टेकलं तिथे खडूची रेघ मारली. ही खरी रेघ. मग तिच्यावर अर्धी वीत सोडून दुसरी रेघ मारली आणि खालची पुसून टाकली.

"ताई, भांडी घासायचीत की खेळायचीत?" माझी धाकटी जाऊ दारात उभी राहून बघत होती.

"गप गं धाकटे. बघ, पातेलं रिकामं आहे ना?"

"हो."

"रेघ कुठे आहे?"

"वर. पाण्यापासून लांब."

"म्हणजे हे रिकाम्याहून हलकं दिसतंय. आता हे रिकामं दिसायला काय करावं लागेल?"

तिने क्षणभर विचार केला आणि वरवंटा उचलून पातेल्यात ठेवला. मग बत्ता. मग इस्त्री. पातेलं हळूहळू खाली बसलं आणि पाणी वरच्या रेघेला येऊन टेकलं.

"झालं रिकामं," धाकटी म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "अगंबाई, पण ते तर भरलंय!"

मी टाळी वाजवणार होते, पण हात हवेतच राहिला. रेघ वर सरकवली की पाच टन माल लपवून नेता येतो, हे कोडं सुटलं. परत येताना मात्र तेवढंच वजन भरून आणावं लागतं, नाहीतर लाँच रिकाम्याहून हलकी दिसेल, म्हणून दगड. सगळं जुळलं. फक्त एक प्रश्न उरला: रेघ सरकवली कुणी? या बंदरात रेघा मारायचा पितळी बिल्ला एकाच माणसाकडे होता. मारलेल्या रेघा तपासणारा मोजणीदार लढाईवर गेल्यापासून त्याच्यावर देखरेखही नव्हती. आणि तो माणूस याच वेळी हातावरचा रंग रॉकेलने पुसत घरात शिरला, टबाकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावर मटकन बसला.

"वहिनी," माझा दीर म्हणाला, "कुणाला सांगितलंत?"

"पातेल्याला सांगितलं, भाऊजी. अजून तेवढंच."

मग त्याने सगळं सांगितलं. जाडीचं अंग पुरतं नव्याने रंगवायचं होतं तेव्हा मामाने विषय काढला. रेघ अर्धी वीत वर, खुणा तिच्यासोबत वर. हिरव्या रंगाचे डबे मामाचेच होते.

"आणि नेतो काय?"

"बेअरिंगं. पोलादाच्या गोळ्यांची. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून."

"कशाला लागतात ती?"

"मामा म्हणतो, पिठाच्या गिरण्यांना."

"बावीस फेऱ्या, पाच-पाच टन. एवढं पीठ कोण खातं, भाऊजी?"

बेटावरून ती पुढे कुठे जात असतील हे आम्हा तिघांनाही कळत होतं. चाकं असलेली, साखळ्या असलेली, तोफा ओढणारी यंत्रं पीठ दळत नाहीत.

"काय मिळालं तुम्हाला?" मी विचारलं. खरं तर मला राग काढायचा होता, आणि त्यासाठी एखादी रक्कम हवी होती.

"पत्रं," तो म्हणाला. "दादाची. मदत संस्था वगैरे काही नाही. मामा आणतो. पत्र द्यायचं कबूल केलं म्हणूनच मी हो म्हटलं."

माझ्या ट्रंकेत अकरा पत्रं होती. बावीस फेऱ्या, अकरा पत्रं. मी मनातल्या मनात मोजलं आणि राग कुठे काढायचा तेच कळेना. माझ्या खोलीतल्या पिवळ्या कागदावर लिहिलं होतं: निषिद्ध माल नेणारा, नेण्यास साहाय्य करणारा व नेऊ देणारा, प्रत्येकी दहा वर्षं सक्तमजुरी. नेणारा मामा, साहाय्य करणारा माझा दीर. तिसरी जागाही आमच्याच घरात होती, पण मी निदान अजाणता बसले होते. भाऊजींना काही सबब नव्हती. कुणी एकाने जाडीच्या काठावरून टेप खाली सोडला की त्यांची दहा वर्षं गेली.

"रेघ परत खाली आणा," मी म्हटलं.

"कशाने? खाली आणायची तर जुनी झाकायला हिरवा हवा. हिरवा कुठेच नाही. माझ्याकडे पांढऱ्याचा एक डबा उरलाय आणि डांबर."

"मग डांबर फासा."

"हिरव्या लाँचला काळा पट्टा? त्यापेक्षा 'चोर' असंच लिहितो ना मोठ्या अक्षरात."

मी पातेल्याकडे बघत बसले. खडूची रेघ सरळ होती, चहूबाजूंनी सारखी. आणि मग माझ्या लक्षात आलं की खरी अडचण रेघ वर असण्याची नाही.

"भाऊजी, तुम्हाला तुमची ही रेघ बुडवणार."

"म्हणजे?"

"अर्धी वीत वर, आणि सगळीकडे अर्धीच वीत. केसाचा फरक नाही. ही चूक आहे असं कोण म्हणेल? चूक असती तर वाकडी असती. पुढे चार बोटं, मागे सात, मध्ये बरोबर. साहेब शिव्या घालून सोडून देईल. पांढरा आहे ना? वाढवा रेघ, जुनी तिच्यातच लपू दे. कुठे खाली ओघळू दे, कुठे वर जाऊ दे."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. दहा वर्षांच्या सक्तमजुरीचं बोललो तेव्हा तो एवढा पांढरा पडला नव्हता. "मी वाकडी रेघ मारू? बंदरात पोरंसोरं माझ्या रेघेवर चेंडू ठेवून पैज लावतात, वहिनी."

"तुरुंगात भिंती असतात. तिथे मारा सरळ."

मामाशी बोलायला मीच गेले. भिंतीसमोर उभं राहून सांगितलं, की यापुढे एक बेअरिंग जरी गेलं तर मी काठापासून टेप लावून मोजीन, माझं काय व्हायचं ते होवो. मामाने माझं वजन केलं. या वेळी ते त्याला भरपूर भरलं असावं.

"बरं. पण साठच पोती भरली तर जाडी जाताना हलकी दिसेल. पाच टन आणू कुठून?"

मी त्याच्या भिंतीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मामाला हसू येईना आणि मला आवरेना.

रविवारी दुपारी ओहोटीला जाडी धक्क्याजवळच्या चिखलात बसली. भाऊजी, धाकटी आणि मी डबा घेऊन गेलो. बाकी धक्का जेवून आडवा झाला होता. भाऊजींनी ब्रश भिजवला, श्वास रोखला, आणि हातभर रेघ खाली वाढवली. सरळ. पुन्हा मारली, पुन्हा सरळ. "हात हलवा," मी म्हटलं. त्यांनी हलवला, आणि इतकी देखणी लाट उमटली की ती नक्षी म्हणून विकता आली असती. शेवटी डोळे मिटून मारली. तीही सरळ.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली. तिने पदर खोचला आणि ब्रश झाडूसारखा मुठीत धरला. जन्मात कधी तिने ब्रश धरला नव्हता. पुढच्या टोकापासून निघाली ती मध्यापर्यंत येता येता रेघ गुडघ्यावर आली. तिथे तिच्या लक्षात आलं, म्हणून घाईने वर चढली, ती मागच्या टोकाला पार खांद्याला गेली. मग डांबर घेऊन खुणा मारल्या, कुठे दाट, कुठे विरळ, एक तर चक्क आडवी. भाऊजी पाठ करून समुद्राकडे बघत उभे होते.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. बघायचंय?"

"नको."

मंगळवारी जाडी साठ पोती मीठ आणि मामाच्या भिंतीचं एक टोक घेऊन बेटाकडे गेली. मी पुढच्या टोकाला पाणी वाचलं: तीन खुणा. हिरवा रंग मिळेपर्यंत असंच चालवायचं, दगड जातील, दगड येतील, असं ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी दहाला तपासणीचे साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. आधी कळवलेलं नव्हतं. साहेब खोलीत असले की छपरावर निळं निशाण चढवायचं, असा नियम होता. ते शिपायाने चढवलं. साहेब किडकिडीत, पूर्वी रेल्वेच्या पार्सल कचेरीत होते, खिशात घडीची पट्टी आणि टेप. त्यांनी चहा घेतला नाही. चहा न घेणारा साहेब वाईट, कारण त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. त्यांनी वही उघडली आणि तासभर नुसती पानं उलटली.

"बेटावर आपल्याकडची बेअरिंगं पोचतायत, बाई. टनांनी," ते म्हणाले. मग बोट एका ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर नेलं. "तुमच्या वहीत एक लाँच फार गुणी आहे."

मला जे सहा महिन्यांनी दिसलं ते या माणसाला तासात दिसलं होतं.

"कधी यायची आहे ही?"

"आज. आत्ताच," मी म्हटलं, कारण खिडकीतून जाडी दिसायला लागली होती.

आणि मामाने तिथे जी चूक केली ती फक्त चोरच करू शकतो: घाबरून तो प्रामाणिक झाला. छपरावरचं निळं निशाण त्याला लांबूनच दिसलं. तिकडून काडीही आणायची नाही हे त्याला आठवलं, आणि त्याने पाच टन दगड, एकेक करून, पलीकडच्या अंगाने समुद्रात टाकले. मला दुर्बिणीतून फक्त पाणी उडताना दिसत होतं आणि जाडी हळूहळू वर येताना. निदान तळात पाणी तरी भरून घ्यायचं! पण माणूस झडतीला भितो तेव्हा त्याला रिकामे हात दाखवायची एवढी घाई होते की बाकी काही सुचत नाही.

साहेबांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली. मग म्हणाले, "बाई, हिची रेघ पाण्याच्या वर आहे."

"हो, साहेब."

"म्हणजे ही रिकाम्याहून रिकामी आहे? हिचं काय काढून घेतलंय, बूड?"

"मी पाणी वाचते, साहेब. कारणाचा रकाना वहीत नाही."

ते टेप काढत धक्क्याकडे निघाले आणि मी मागोमाग. झडती झाली. आत काहीच नव्हतं. नुकतंच धुतल्यासारखी स्वच्छ. साहेबांनी, रेघ काठापासून किती खाली असायला हवी हे लिहिलेला मूळ दाखला मागवला आणि काठावरून टेप खाली सोडला. पुढच्या टोकाला रेघ पाच खुणा वर. त्यांचा जबडा आवळला गेला. माझाही. मग ते मध्यावर आले, टेप सोडला, आणि थांबले. मध्ये रेघ दाखल्याप्रमाणे बरोबर होती. मागे गेले, तिथे सात. दुसऱ्या अंगाला गेले. तिथे तर दोन, पाच आणि साडेतीन. त्यांनी आडव्या खुणेवर बोट ठेवलं.

"ही काय आहे? माशी?"

धक्क्यावर एव्हाना तीसेक माणसं जमली होती. हमाल, खलाशी, बर्फवाला, जाळी विणणाऱ्या बायका. कुणीतरी फिसकन हसलं.

"कुणी मारलीय ही रेघ?"

भाऊजी गर्दीच्या मागे उभे होते. मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता. आता ते गप्प राहिले असते तर साहेबांनी शोध घेतला असता, जाडी कधी रंगवली, रंग कुणी दिला, मजुरी काय, आणि एकेक दगड वर आला असता. मी त्यांना खूणही करू शकत नव्हते. धाकटीने पदर तोंडात धरला होता.

"मी," भाऊजी म्हणाले आणि पुढे आले.

"तुम्ही? बिल्लेवाले?"

"हो."

"नजर गेलीय का?"

"नजर ठीक आहे, साहेब." त्यांनी पहिल्यांदाच त्या रेघेकडे नीट बघितलं. टोकापासून टोकापर्यंत, एकेक इंच. तेवढ्या वेळात त्यांचं वय वाढलं. "हात गेलाय. जमत नाही पहिल्यासारखं. सांगायची लाज वाटली."

धक्का हसला. मोठमोठ्याने हसला, दहा वर्षं ज्याच्या रेघेवर पैजा लागल्या त्याच्यावर हसायला मिळणं काही रोजचं नव्हतं. बर्फवाल्याने "मामा, जाडीला चष्मा लावा" म्हटलं. मामाही हसला, पण त्याचे डोळे माझ्याकडे होते. साहेब हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. भाऊजींनी शर्टावरचा बिल्ला काढून त्यावर ठेवला.

"दारं-खिडक्या रंगवा," साहेब म्हणाले. "लाँचला हात लावायचा नाही. आणि आजपासून या बंदरात प्रत्येक लाँच काठापासून टेपने मोजायची. रेघबीघ काही नाही."

खोलीत परतल्यावर त्यांनी मला जाडीची नोंद लिहायला लावली. वेळ, नाव, माल: नाही. पाणी: रेघेखाली. आणि समासात, त्यांच्या सांगण्यावरून: "रेघ सदोष, रंगाऱ्याची चूक." त्या वहीतलं माझ्या हातचं ते एकमेव खोटं, आणि त्याखाली सरकारी सही आहे.

निघताना साहेबांनी थंड झालेला चहा उभ्याउभ्याच पिऊन टाकला. "वाकडं काम करणारा सापडला की मला हायसं वाटतं, बाई," ते म्हणाले. "मी सरळ रेघेच्या शोधात आहे." त्यांना किती कळलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी घरी भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. शर्टावर बिल्ल्याच्या जागी एक गडद गोल उरला होता. धाकटीने त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि म्हणाली, "मधली बरी होती ना पण? साहेबांच्या टेपाला बरोबर बसली."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "वहिनी, हिला सांगा, ती चुकून बसली."

"असेना," धाकटी म्हणाली. "तुम्ही माझी रेघ आपली म्हणून सांगितलीत. मी काही बोलले का?"

त्यांना हसू आलं. ते हसू नीट यायला बरेच महिने लागले, पण सुरुवात तिथे झाली.

मला राहून राहून वाटत होतं ते वेगळंच. मामाने कबूल केलं, दगडांबरोबर एक पाकीटही पाण्यात गेलं. बारावं पत्र. त्यानंतर पत्रं बंदच झाली. बाकी सगळ्याची उत्तरं मी शोधून काढली होती, दगडांची, रेघेची, बेअरिंगांची. त्या पाकिटात काय होतं हे मात्र टबात पातेलं सोडून कळण्यासारखं नव्हतं. पुढचं दीड वर्ष मी प्रत्येक लाँच टेपने मोजली आणि रोज एकदा त्या पत्राचा विचार केला. आजारी होता का? रागावला होता? दुसरं काही?

लढाई संपली आणि तो आला. वाळलेला, हातांना दगडासारखे घट्टे. जेवला, झोपला, उठला, पुन्हा जेवला. मी दोन दिवस धीर धरला; तेवढाच माझ्याकडे होता.

"शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतंस?"

"कुठल्या?"

"मामाच्या लाँचने पाठवलेलं. ते मिळालं नाही मला."

तो आठवत राहिला. मग एकदम उठून बसला. "अगं हो! मलाच तुला विचारायचं होतं ते. अजून कोडं पडलंय मला. तिथे आमच्याकडून खाणीत काम करून घ्यायचे. मामाच्या लाँचवर दगड मीच भरायचो. तुझ्याकडे जाणारी लाँच म्हणून निवडून भरायचो, चांगले चौकोनी, काळेभोर. सहा महिने भरले. आणि एक दिवस अख्खी लाँच भरून परत! तेच दगड. मी माझ्या हाताने फोडलेले, मी ओळखतो ना. तेच उतरवा म्हणाले, आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा भरा. म्हणून लिहिलं होतं तुला." त्याच्या आवाजात दीड वर्ष जपलेली कळ होती. "काय खोट होती त्यांच्यात?"

मी पायात चपला घातल्या, त्याचा हात धरला आणि त्याला मामाच्या घराकडे घेऊन गेले. उरलेली भिंत अजून तशीच उभी होती. तो जवळ गेला, एका दगडावर तळहात ठेवला, आणि पुढे जिथे भिंत संपत होती तिथे भगदाडासमोर उभा राहिला.